पन्नास टक्के

शारजाच्या एका कलादालनात माझं काम
हवेत पाणी किती आहे ते बघायचं.
पंचेचाळीसच्या खाली नको, पंचावन्नच्या वर नको.
तीन महिन्यांसाठी भिंतीवर एक नदी आली आहे पॅरिसहून,
तिला तडे जाता कामा नयेत.

बाहेर ऑगस्ट. चष्मा पुसेपर्यंत पुन्हा धुरकटतो.
आत मात्र यंत्रं हवा इतकी पिळून काढतात
की समुद्राचं गोडं केलेलं पाणी
वाफ करून मला परत सोडावं लागतं,
थोडं थोडं,
कापडावरच्या नदीसाठी.

चित्रकार एतिएन व्हार्दो.
दोन आठवडे मी पाटीवर बघून 'व्हारडॉक्स' म्हणत होतो,
कुणी हसलं नाही म्हणून कळलं नाही.
तैलरंग, एकोणीसशे सत्तावन्न. नदीकाठ, सकाळ.
कुठली नदी, ते लिहिलेलं नाही.

लांबून पाणी आहे, पॉप्लरची रांग आहे,
रांगेची थरथरती रांग पाण्यात आहे.
जवळ गेलं की नदी संपते.
थापीनं गिलावा ओढावा तसा करडा रंग ओढलाय,
खालच्या कोपऱ्यात कापड कोरंच राहिलंय,
आणि एका हिरव्या फटकाऱ्यात ब्रशचा केस अडकलाय,
माझ्या जन्माआधीपासून.
काठावर एक पांढरा ठिपका.
बाई आहे, कपडे धुतेय, ताजुस्सिर म्हणतो.
मी म्हणतो, बदक.
रात्रपाळीला एवढा वाद पुरतो.

ताजुस्सिर सुदानचा, कसलाचा.
त्यांची गाश वर्षातून तीनेक महिने धावते
आणि मग वाळूत आत निघून जाते.
आमची गिरणा धरणातून आवर्तन सुटलं की येते.
येते तेव्हा भावाचा फोन येतो,
"सुटलं रे पाणी." आणि ठेवून देतो.
अशा अर्ध्यामुर्ध्या नद्यांची दोन माणसं
एका भरलेल्या नदीसमोर डबा खातो,
म्हणजे दाराबाहेर. आत खायला बंदी आहे.

ती वाहते कुठे, ह्यावर मात्र आमचं जमत नाही.
तो उजवीकडून वाचतो, त्याची नदी डावीकडे जाते.
माझी उजवीकडे.
पाटीवरसुद्धा अरबी त्या टोकाहून निघते, फ्रेंच ह्या टोकाहून,
मधे दोन बोटं कोरी जागा.

एका शुक्रवारी शाल्मलीला आणलं.
नऊ वर्षांची. इथलीच, खालिद खाडीच्या काठावर सायकल शिकलेली.
पाणी कधी वर कधी खाली, एवढं तिला पाठ.
बराच वेळ बघून म्हणाली,
"बाबा, भरती आहे का ओहोटी?"
म्हटलं, नदीला नसते ती.
"मग गेलेलं पाणी परत कधी येतं?"
मी मापकाकडे बघितलं. एक्कावन्न.
"ते नाही येत. दुसरं येतं."
तिला हे फसवल्यासारखं वाटलं असावं.
जाताना तिनं ठिपक्याला हात केला.
बाईला की बदकाला, विचारायचं राहिलं.

सप्टेंबरअखेर पेटी आली.
नदीवर कागद, कागदावर फोम, फोमवर फळी, बारा स्क्रू.
पेटीवर बाण: ही बाजू वर.
दुसरा कुठला बाण कुणी काढला नाही.
मागे उरले दोन खिळे
आणि बाकी भिंतीहून जरा स्वच्छ असा एक चौकोन.

यंत्र बंद करा असं कुणी म्हणालं नव्हतं.
मी पण विचारलं नाही.
रात्रभर त्या चौकोनाला वाफ दिली.
पहाटे ताजुस्सिर दोन कप घेऊन दाराशी आला,
भिंतीकडे बघत राहिला,
म्हणाला, "बाईच होती ती."
मी वहीत लिहिलं: पन्नास.